कॅमेऱ्यावरचाच फ्लॅश, उजेड मात्र भिंतीचा : एका लग्नसराईच्या नोंदी

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा, आर्णी, दिग्रस या पट्ट्यातल्या खेड्यांत मी लग्नाचे फोटो काढतो. यंदाच्या सीझनला एक काम ठरवून हाती घेतलं आहे. घरात, सभागृहात आणि मांडवाखाली होणारे विधी कॅमेऱ्यावर बसवलेल्या एकाच फ्लॅशने असे टिपायचे, की चेहऱ्यावर उजेड एका बाजूने येईल, मागची माणसं काळोखात बुडणार नाहीत आणि त्या जागेचा स्वतःचा दिवाही फोटोत दिसेल. आपल्याकडच्या आल्बमांत काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. नवरीचा चेहरा पांढराफटक, गळा सावळा, मागे काळंकुट्ट आणि भिंतीवर प्रत्येक डोक्याची कडक सावली. त्या काळ्यात नवरीची आजी उभी असते. पुढे आजी गेली की तिचा फोटो शोधायला घरचे तोच आल्बम उघडतात आणि त्यांना आजीचं नुसतं लुगडं सापडतं. हे मी माझ्याच ग्राहकांच्या घरी पाहिलं आहे, म्हणून हा खटाटोप.

स्टँडवरचे लाइट का नाहीत, असं कुणी विचारेल. छपरीत (ओसरीत) चाळीस माणसं दाटीवाटीने बसलेली असतात, मधून पोरं पळतात, वाढप्यांची ये-जा असते. तिथे स्टँड उभा करायला जागाच नसते, आणि तो पडला तर कुणाच्या तरी डोक्यात पडतो. हातात मावेल तेवढंच सामान घ्यायचं.

सामान असं : निकॉन डी७५०, ३५ मिमी एफ/१.८ आणि २४-७० एफ/२.८ लेन्स, लिथियम बॅटरीवर चालणारा गाइड नंबर ६० चा, म्हणजे चांगला ताकदवान फ्लॅश, राखीव म्हणून पेन्सिल सेलवरचा जुना फ्लॅश. सोबतीला भाचा.

१० नोव्हेंबर २०२४ : घरी

सीझन सुरू व्हायच्या आधी ताईला भिंतीजवळ बसवून चाचण्या घेतल्या. सरळ मारलेला फ्लॅश, स्लॅबवर मारलेला आणि माझ्या मागच्या डाव्या भिंतीवर मारलेला. पहिल्यात ताई आधार कार्डावरची वाटते. दुसऱ्यात उजेड मऊ आहे, पण डोळ्यांच्या खोबण्यांत सावली पडते आणि हनुवटीखाली अंधार होतो. तिसऱ्यात ताई ओळखीची दिसते. एक गाल उजळ, दुसरा हळूहळू मावळत गेलेला, नाकातली चमकी चमकलेली. जणू दाराशी बसली आहे.

मात्र भिंतीकडे वळवलेल्या फ्लॅशचाही थोडा उजेड कडेने थेट चेहऱ्यावर सांडतो आणि सगळा परिणाम घालवतो. त्यावर उपाय म्हणजे शाळेतली मुलं क्राफ्टला वापरतात ते काळं फोम शीट. शाळेजवळच्या दुकानात २५ रुपयांना मिळालं. वीतभर रुंद, दीड वीत लांब तुकडा कापून केसांच्या दोन रबरांनी फ्लॅशच्या डोक्याला बांधला, ताईच्या बाजूने. नीट बसला की नाही हे पाहायला सोपी युक्ती : ताईच्या जागी बसून फ्लॅशकडे पाहायचं. फ्लॅशची काच दिसली तर फोम आणखी सरकवायचा.

घरातले आकडे : शटर १/१०० (सेकंदाचा शंभरावा भाग), एफ/२.८ (लेन्सचं तोंड, आकडा लहान तेवढं ते जास्त उघडं), आयएसओ १६०० (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता), फ्लॅश मॅन्युअल १/१६ (हाताने लावलेला, पूर्ण ताकदीचा सोळावा भाग), भिंत सात फुटांवर. कुठेही गेलो तरी सुरुवात एकाच क्रमाने करणार आहे. आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढायचा. त्यात खोली दीड-दोन स्टॉप अंधारी हवी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), पण दिसायला हवी. मग फ्लॅश सुरू करून फक्त माणूस उजळायचा. खोली कमीजास्त करायची तर शटर हलवायचं, माणूस कमीजास्त करायचा तर फ्लॅशची ताकद. दोन्ही एकदम हलवलं की हातात काही राहत नाही.

१८ नोव्हेंबर : गावातलं समाज मंदिर, टिनाचं छप्पर

छप्पर अठरा-वीस फूट उंच, टिन गंजलेलं. सवयीने फ्लॅश वर मारला. आयएसओ ८००, एफ/४, पूर्ण ताकद, तरी फोटो स्टॉपभर अंधारा. वर जायचं, खाली यायचं आणि मधे काळपट टिनाने उजेड गिळायचा, मग उरणार काय? शिवाय पूर्ण ताकदीवर फ्लॅश पुन्हा भरायला दीड-दोन सेकंद घेतो. तेवढ्यात मामांनी नवरीच्या डोक्यावरून हात फिरवून झालेला असतो. सीमांत पूजनाचे पहिले फोटो असेच गेले.

मग टिनाचा नाद सोडला. बोहोल्याच्या उजव्या अंगाला दहा फुटांवर भिंत होती. तिच्याकडे पाठ तिरकी करून उभा राहिलो, फ्लॅशचं डोकं खांद्यावरून मागे वळवलं, आयएसओ १६०० केला, एफ/२.८. ताकद १/४ वर आली आणि फ्लॅश झटपट भरायला लागला.

नवरदेवाकडचे एक काका बराच वेळ पाहत होते. शेवटी जवळ आले. "भाऊ, नवरदेव इकडं हाये, तुमी लाइट तिकडं काहून मारून रायले?" त्यांना कॅमेऱ्याच्या मागचा फोटो दाखवला. त्यांनी तो बारकाईने पाहिला, मग भिंतीला टेकवून ठेवलेली प्लास्टिकच्या लाल खुर्च्यांची चळत स्वतःच उचलून बाजूला केली. मी न सांगता त्यांना कळलं होतं की भिंत मोकळी पाहिजे.

रात्री फोटो कॉम्प्युटरवर टाकले तेव्हा दुसरी गोष्ट कळली. अर्ध्या फोटोंत चेहऱ्याची उजळ बाजू हिरवट आहे. सरकारी इमारतीत असतो तसा भिंतीच्या खालच्या अर्ध्या भागाला हिरवा ऑइल पेंट आहे, वर चुना. फ्लॅश आडवा मारला की तो हिरव्या पट्ट्यावर पडत होता. ज्या फोटोंत डोकं थोडं वर उचललेलं होतं त्यांत रंग स्वच्छ आहे आणि उजेडही वरून तिरपा येतो, जो आपल्याकडच्या चेहऱ्यांना जास्त शोभतो. हिरवट फोटो सुधारायला दोन रात्री गेल्या, कारण चेहऱ्याची एकच बाजू हिरवी असली की व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोचा एकूण रंग, फिरवून भागत नाही, प्रत्येक चेहरा वेगळा रंगवावा लागतो.

आता सभागृहात शिरलो की नवरदेव यायच्या आधी भिंती पाहून घेतो. रंग, अंतर, आणि भिंतीपुढे काय काय ठेवलं आहे.

२ डिसेंबर : हळद, कवेलूचं घर

या सीझनमधली ही सर्वांत अवघड जागा. खाली सारवलेली जमीन, वर आड्यांवर कवेलू (कौलं), तेही धुराने काळे. छतावरून उजेड परत यायचा प्रश्नच नाही. भिंतींना नीळ घातलेला चुना. छपरीत ९ वॅटचा पांढरा एलईडी बल्ब, बाहेर आंगणात मांडववाल्याचा पिवळा हॅलोजन, आणि नवरी बरोबर दोघांच्या मधे, उंबऱ्याशी पाटावर.

हळदीच्या फोटोंत लोकांना पिवळा रंग पाहिजे, आणि नेमका तोच हातातून निसटतो. व्हाइट बॅलन्स ऑटोवर असला की कॅमेऱ्याला समोर सगळं पिवळंच दिसतं, तो ते दुरुस्त करायला जातो आणि हळद फिकी, कातडी जांभळट करून टाकतो. म्हणून केल्विन (उजेडाच्या रंगाचा आकडा) हाताने लावला, ५२०० वर, आणि रात्रभर हलवला नाही.

हळदीत तेल असतं. तेलकट गालावर सरळ फ्लॅश पडला की पांढरे ठिपके उमटतात, कपाळ आरशासारखं होतं. निळसर भिंतीवरून आलेल्या उजेडाने ते ठिपके गेले. नीळ फार फिकी होती, त्यामुळे रंगावर जे झालं ते नंतर फोटो सुधारताना केल्विनमध्ये दोन-तीनशे वाढवून भागलं. गडद निळ्या भिंतीवर हे जमलं नसतं.

भिंत फक्त पाच फुटांवर होती, ताकद १/३२ पुरली. जवळची भिंत म्हणजे चैन आहे. पण एक अडचण येते : भिंतीजवळ बसलेल्या काकू जास्त उजळतात आणि नवरी कमी. फ्लॅशचं डोकं आणखी मागे वळवून भिंतीवर उजेड पडायची जागा नवरीपासून आणि काकूंपासून सारख्या अंतरावर आणली, मग समतोल साधला.

या रात्रीचा एक फोटो मी सगळ्यांना दाखवतो आहे. नवरीची आजी हळद लावते आहे. आजीच्या हातावर गोंदण आहे, मनगटापासून कोपरापर्यंत, हिरवं पडलेलं. बाजूने आलेल्या उजेडात गोंदणाचा एकेक ठिपका मोजता येतो, सुरकुत्यांच्या आत गेलेली हळदसुद्धा दिसते. आणि मागे, अंधारात न हरवता, चुलीपाशी बसलेली आई.

८ डिसेंबर : जिलेटीनचा कागद

आंगणातल्या हॅलोजनखाली काढलेले फोटो वेगळ्याच कारणाने बिघडले. हॅलोजनचा उजेड ३२०० केल्विनच्या आसपास असतो, फ्लॅशचा ५५०० च्या आसपास. माणूस नैसर्गिक दिसला तर मागचा मांडव शेंदरी होतो, मांडव नीट केला तर माणूस निळा पडतो. फ्लॅशलाच पिवळं करणं हा इलाज आहे.

आधी रुखवताच्या ताटांवर गुंडाळतात तो नारिंगी जिलेटीन कागद लावून पाहिला, दहा रुपयांचा. दोन गोष्टी झाल्या. त्याचा रंग नारिंगी दिसतो, पण चेहऱ्यावर गुलाबी झाक येते. आणि एकापाठोपाठ पूर्ण ताकदीचे फ्लॅश मारले तसा तो आक्रसून फ्लॅशच्या काचेला चिकटला. काच साफ करायला स्पिरिट आणि तासभर वेळ लागला. हा कागद कुणी लावू नये.

नागपूरहून फ्लॅशसाठीची खरी जेल (फ्लॅशवर लावायची रंगीत पारदर्शक पट्टी) मागवली, ३५० रुपयांचा छोटा संच. त्यातली अर्धी नारिंगी, म्हणजे फिकी, सर्वांत उपयोगी पडते आहे. केल्विन ३८०० च्या आसपास, माणूस नीट, मांडव किंचित पिवळा, म्हणजे संध्याकाळच्या मांडवाचा डोळ्यांना दिसतो तसाच रंग. पूर्ण नारिंगी लावली की मांडवाचं पिवळेपण पार धुऊन निघतं आणि फोटोला वेळच उरत नाही, सकाळ की रात्र ते कळत नाही. जेलने अर्धा-पाऊण स्टॉप उजेड जातो, तो आयएसओने भरून काढायचा.

सरकारच्या उजाला योजनेतून घरोघरी आलेले पांढरे एलईडी बल्ब असतील तिथे मात्र जेल काढून खिशात ठेवायची. त्यांचा उजेड पांढराच असतो, नारिंगी फ्लॅश लावला तर उलटा घोळ होतो. नुसतं घर पाहून जेल लावायची की नाही हे ठरत नाही, दिवा पाहून ठरतं.

१४ डिसेंबर : स्टेजचे एलईडी आणि अक्षता

तालुक्याच्या गावातलं मंगल कार्यालय. स्टेजच्या मागे एलईडीच्या पट्ट्यांची कमान. १/२०० शटरवर काढलेल्या फोटोंत आडव्या काळपट पट्ट्या. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतो. शटर १/१०० ठेवलं की एक पूर्ण मिणमिण शटरमध्ये मावते आणि पट्ट्या जातात. १/५० लाही जातात. मधले आकडे टाळायचे. रंग बदलणाऱ्या पिक्सेल लाइटांना हा हिशेब लागू होत नाही, त्यांचा मिणमिणायचा वेग वेगळा असतो. तिथे १/५० पर्यंत खाली येऊन एकदोन फोटो तपासणं एवढंच हाती आहे.

मंगलाष्टकं सुरू झाली तशी पुढची परीक्षा. अक्षता हवेत दिसायला हव्यात आणि नवरदेव-नवरीचे चेहरे त्यांनी झाकता कामा नयेत. सरळ फ्लॅशमध्ये कॅमेऱ्याजवळून जाणारा प्रत्येक तांदूळ पांढरा गोळा होऊन चमकतो, कारण तो फ्लॅशपासून हातभर अंतरावर असतो आणि नवरी दहा फुटांवर. भिंतीवरून उजेड आणला की जवळच्या आणि लांबच्या दाण्यांवर तो जवळपास सारखाच पडतो आणि गोळे होत नाहीत.

दाणे गोठवायला शटर वेगवान लागत नाही. फ्लॅशची ताकद कमी असली की त्याचा लखकारा फार थोडा वेळ टिकतो आणि तोच दाणे थांबवतो. १/१६ ताकदीवर, १/१०० शटरला, दाणे जागच्या जागी दिसले. मागच्या कमानीच्या उजेडाने प्रत्येक दाण्यामागे एक छोटी रेघ ओढली, ती मला आवडली. "शुभमंगल सावधान" झालं आणि आंतरपाट खाली आला, तेव्हा समोरच्या व्हिडिओवाल्या भाऊंचा एलईडी नवरीच्या खांद्यामागून येत होता. त्यांना आधीच विचारून ठेवलं होतं, लाइट समोर न धरता मागच्या कोपऱ्यात धराल का. त्यांच्या व्हिडिओलाही उजळ कडा मिळाली. व्हिडिओवाल्यांशी सकाळी चहा घेताना बोलून घेणं हा सामानाचाच भाग आहे असं मी धरतो.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार : विहारातला मंगल परिणय

बौद्ध पद्धतीच्या लग्नांत मुहूर्त पाहत नाहीत, रविवार पाहतात, म्हणजे सगळ्यांना सुट्टी असते. मला ही लग्नं उजेडाच्या दृष्टीने फार जवळची वाटतात. विहाराच्या भिंती पांढऱ्या, कपडे पांढरे, मेणबत्त्या लावलेल्या आणि त्रिशरण-पंचशील सुरू असताना सगळे स्थिर.

अडचण पहिली : पांढरे कपडे. टीटीएलवर (फ्लॅशने आपली ताकद आपणच ठरवायची सोय) ठेवलेला फ्लॅश एवढं पांढरं पाहून घाबरतो आणि उजेड कमी करतो, साडी राखाडी येते. अधिक ०.७ दिलं तर साडी सुधारली. पण पुढच्याच फोटोत मागे उघडं दार आलं, त्यातला अंधार पाहून फ्लॅशने उजेड वाढवला आणि साडीचे काठच उडाले. टीटीएल बंद करून मॅन्युअल १/१६ लावलं आणि वंदना संपेपर्यंत हात लावला नाही. माणसं जागेवरून हलत नसतील तिथे मॅन्युअलसारखं दुसरं काही नाही.

अडचण दुसरी : बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फ्रेम केलेल्या तसबिरी, काचेच्या. वर-वधू त्यांच्यासमोर उभे राहून प्रतिज्ञा घेतात, तेव्हा तसबिरी फोटोत यायलाच हव्यात. सरळ फ्लॅश काचेवर आपटून परत लेन्समध्ये येतो आणि बाबासाहेबांच्या चेहऱ्याच्या जागी पांढरा भपका उरतो. असा फोटो मी कुणाच्या आल्बमात कधीच लावणार नाही. फ्लॅश डाव्या भिंतीकडे वळवला तर भपका गेला, पण काचेत भिंतीचा धूसर पांढरा पडदा राहिला. दोन पावलं उजवीकडे सरकून, किंचित गुडघ्यावर बसून काढला तेव्हा काच स्वच्छ झाली. काचेत काय दिसतं ते उभं राहण्याच्या जागेवर ठरतं, त्यामुळे विधी सुरू व्हायच्या आधी ती जागा शोधून तिथे चप्पल काढून ठेवतो तशी बॅग ठेवली.

मेणबत्तीसाठी शटर १/६०, आयएसओ २०००, एफ/२.८, फ्लॅश १/६४. इतका कमी, की ज्योत ज्योतच राहते आणि नवरीच्या हनुवटीवर तिचा पिवळा उजेड दिसतो. इथे अर्धी नारिंगी जेलही लावली होती. पूर्ण वंदना होईपर्यंत फ्लॅश अगदी मोजके मारले. शांततेत प्रत्येक लखकारा जाणवतो, आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्या उपासिकांच्या डोळ्यांवर तो येऊ नये म्हणून भिंतीवरही वरच्या बाजूला मारला.

२० फेब्रुवारी : बिछायतवाल्यांशी बोलणं

मांडवाचं सीलिंग गडद गुलाबी किंवा मरून कापडाचं असतं. त्यावर फ्लॅश मारला की सगळी वरात तापाने फणफणलेली दिसते. भिंती नाहीतच, त्यांच्या जागी तसेच रंगीत पडदे. बिछायत केंद्रावर, म्हणजे मांडवाचं सामान भाड्याने देणाऱ्यांकडे, जाऊन बसलो आणि विचारलं, स्टेजवरच्या भागापुरतं पांढरं कापड लावता येईल का. ते म्हणाले, लावतो, ४०० रुपये जास्तीचे. मी माझ्या पैशातून द्यायचं ठरवलं.

मांडव उभा राहिला त्या दिवशी नवरदेवाच्या आजीने हरकत घेतली. लग्नाच्या मांडवावर पांढरं कापड कसं? तिचं म्हणणं मान्य करायलाच हवं, मांडव तिच्या नातवाचा आहे. बिछायतवाल्यांकडे मोतिया रंगाचं, सोनेरी काठाचं कापड होतं, ते लावलं. आजीलाही आवडलं. मोतियाचा रंग चेहऱ्यावर किंचित उबदार येतो, फोटो सुधारताना काही करावं लागलं नाही. स्टेजच्या डाव्या बाजूचा पडदाही तेच कापड लावून घेतला, आणि खरं काम त्यानेच केलं. वरच्या कापडापेक्षा बाजूचं कापड महत्त्वाचं. पैसे कमी असतील तर फक्त बाजूचं सांगा.

याशिवाय दीड बाय दोन मीटर मांजरपाट कापडाचा तुकडा शिवून घेतला, दोन बाजूंना काठी सरकवायला शिवण. शिलाईसकट २८० रुपये. भिंत नसेल तिथे भाचा तो धरून उभा राहतो.

३० एप्रिल : अक्षय तृतीया, लॉनचा बंद हॉल

आपल्याकडे एप्रिल संपता संपता पारा ४४-४५ च्या घरात सहज जातो. वर टिन, आत हजारभर माणसं. फ्लॅशने दुपारी तापून काम थांबवलं. आतली सुरक्षा व्यवस्था उजेड सोडायचं बंद करते, थंड होईपर्यंत काही करता येत नाही. हार घालायची वेळ जवळ आली होती. पेन्सिल सेलवरचा जुना फ्लॅश बॅगेत होता म्हणून निभावलं.

तापण्याचं मूळ पूर्ण ताकदीत आहे. हॉल मोठा, भिंत लांब, म्हणून १/१ वर एकामागून एक मारत होतो. दुसऱ्या फेरीत आयएसओ ३२०० आणि एफ/२ केलं, ताकद १/८ वर आली, पुढे संध्याकाळपर्यंत फ्लॅश तापला नाही. ३२०० च्या दाणेदारपणाला घाबरायचं कारण नाही, १२ बाय ३६ इंची आल्बम पानावर तो दिसत नाही. कूलरसमोर फ्लॅश धरून गार करायचा मोह टाळा, कूलरच्या वाऱ्यात पाण्याचे तुषार असतात. बॅटऱ्या गाडीत न ठेवता ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या डब्यात ठेवल्या, फडक्याला त्या लागणार नाहीत अशा.

त्याच हॉलच्या जेवणाच्या भागात सीलिंग खाली होतं, पण पंखे फिरत होते. सीलिंगवर मारलेल्या फ्लॅशच्या वाटेत पातं आलं की फोटो अंधारा, नाही आलं की उजळ. सेटिंग न बदलता सलग फोटोंत असा फरक दिसला तर आधी वर पाहावं.

पंगतीत भिंत नव्हती, कापड धरायला जागा नव्हती. समोर पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी घातलेल्या वडीलधाऱ्यांची अख्खी रांग पाठमोरी बसली होती. फ्लॅश त्यांच्या पाठींवर मारला. पलीकडच्या रांगेत वाढणाऱ्या करवल्यांच्या चेहऱ्यांवर मऊ उजेड आला. पाठीवरच मारायचा, तोंडावर नाही.

११ मे : नाच

रात्री हॉलच्या आतच बँडवर नाच सुरू झाला. सीझनभर मी फ्लॅश सरळ मारायचा नाही असं पाळलं, इथे मुद्दाम मारला. शटर १/१०, रिअर कर्टन सिंक (शटर बंद होता होता फ्लॅश सुटतो), आयएसओ ४००, एफ/५.६, फ्लॅश समोर, १/१६. शटर उघडं असताना रंगीत लाइटांच्या रेघा ओढल्या जातात आणि शेवटी फ्लॅश माणसाला थांबवतो. फ्लॅश सुरुवातीला सुटला तर रेघा माणसाच्या पुढे जातात आणि तो मागे नाचतो आहे असं वाटतं. शेवटी सुटला की रेघा मागे राहतात.

पहिले फोटो नुसता चिखल झाले, कारण हॉलचे पांढरे ट्यूब चालू होते. पांढऱ्या उजेडात रेघा ओढल्या जात नाहीत, माणूसच दोनदा छापला जातो. मॅनेजरना सांगून नाचाच्या जागेवरच्या ट्यूब बंद करून घेतल्या. मामांचा फेटा हवेत सुटलेला, त्याचा लाल पट्टा पूर्ण फ्रेमभर, आणि मामांचा चेहरा लखलखीत. असे फोटो पाच-सहा पुरे, आल्बमच्या एका पानाचे. दहा झाले की डोळे थकतात.

१ जून : आल्बम छापून आले

छापील पान स्क्रीनपेक्षा गडद येतं. भिंतीच्या उजेडात सावलीची बाजू आधीच गडद असते, ती छपाईत आणखी बुडाली. पुढचे आल्बम पाठवताना सावल्या थोड्या उचलून पाठवले आणि एक नमुना पान आधी छापून घेतलं, १५० रुपये.

एका घरून निरोप आला की नवरी काळी दिसते, गोरी करून द्या. पार्लरच्या पावडरवर सरळ फ्लॅश पडला की चेहरा पांढरा येतो आणि लोकांना तीच सवय झाली आहे. मी त्यांच्या घरी गेलो, पान उघडून नवरीचा हात आणि चेहरा एका रंगाचे आहेत हे दाखवलं. तिच्या आईने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "माही पोरगी अशीच हाये." बदल केला नाही. दुसऱ्या एका घरी ऐकलं नाही, त्यांना दोन पानं उजळ करून दिली. रंग बदलला नाही, फक्त उजेड वाढवला.

एक प्रश्न मात्र राहिला आहे. जनरेटरवर एलईडी चालतात तेव्हा १/१०० वरही पट्ट्या अधूनमधून येतात, कारण जनरेटर नेमका ५० हर्ट्झवर चालत नाही, भार वाढला-घटला की हलतो. १/५० वर त्या कमी होतात, जात नाहीत. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होईल तोवर बिछायतवाल्यांच्या जनरेटरवर एक रात्र बसून शटरचे सगळे आकडे तपासायचे आहेत. त्यांनी डिझेलचे पैसे भरायला सांगितलं आहे.